ग्रेस पिरियड

दसऱ्याला राजारामपुरीतून टेम्पो आला.
दोन दारांचा फ्रिज चढवताना
जिन्याचा कोपरा घासला, आणि माझा जीव.
दुकानदार म्हणाला होता, शून्य टक्के.
त्या शून्यासाठी मी अठरा ठिकाणी सही केली,
मराठीत, ठळक,
शाळेच्या दाखल्यावर करावी तशी.

हे उद्यमनगरात लेथवर.
पगार बाराला, हप्ता पाचला.
मधल्या सात दिवसांना आमच्या घरी नाव नाही,
नुसता आवाज आहे,
मेसेज आल्याचा.

दशांशाचं पाकीट आधी निम्मं झालं,
मग त्यात शंभराची एक नोट उरली.
तीही मी चार घड्या घालून टाकते,
जाड वाटावी म्हणून.
देवाला जाडी कळत नाही का?
कळते.
खजिनदारांना कळू नये म्हणून.

नहेम्या आवळे माझ्या रविवारच्या शाळेतला पोरगा.
पाच भाकरींची गोष्ट सांगताना
फ्लॅनेलच्या फळ्यावरचा एक मासा सापडेना,
तर यानं वहीच्या पुठ्ठ्यातून कापून आणला होता.
आता तो फायनान्स कंपनीत, वसुलीला.
परवा चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर होता.
प्रभूची प्रार्थना सुरू झाली
आणि 'ऋण' या शब्दापाशी
त्याचा आवाज खाली गेला.
माझाही.
बाकीची मंडळी सरळ पुढं निघून गेली,
घरी मटण शिजत असल्यासारखी.

सोमवारी दारात तोच.
'काकी, मी आलोय तेच बरं समजा.
दुसरा कोण असता तर गल्लीत ओरडला असता.'
म्हटलं, ओरड की.
नाताळच्या गाण्यांना तुझा गळा मीच तयार केलाय.
तो हसला नाही.
'तीन दिवसांचा ग्रेस पिरियड हाय,' म्हणाला,
'परवा संपतोय.'

आतून शिफ्रा पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली,
'आई, ग्रेस म्हणजे कृपाच की गं.'

आम्ही दोघं गप्प.
तीन दिवसांची कृपा,
चौथ्या दिवशी पाचशे नव्वद दंड.
तिसऱ्या दिवशी काय घडलं
ते त्याला आणि मला तोंडपाठ होतं,
पण कंपनीला कोण सांगणार?

त्याला पाणी दिलं, त्याच फ्रिजमधलं.
गार होतं. खोटं कशाला बोलू,
माठाच्या पाण्याला ही धार नसते.
'तुझी गाडी रे?'
'छत्तीस महिने, काकी. अकरा झाले.'
मग आम्ही फ्रिजकडं बघत बसलो,
आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे.

तो गेल्यावर हिशेबाची वही काढली.
कुणाचं किती देणं, ते पान पाठ आहे.
मागच्या पानावर एक ओळ होती:
तबिथाबाई, भिशीचे, चोवीसशे.
तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं तेव्हाचे.
दोन वर्षं मी तिला चर्चच्या पायरीवर
'घाई नाही हं' म्हणते,
आणि अशा आवाजात म्हणते
की तिला घाई ऐकू यावी.
हल्ली ती बाजूच्या दारानं बाहेर पडते.

ओळ खोडली.
घरात चालणारं पेन एकच होतं,
त्याच कंपनीनं सह्यांच्या दिवशी फुकट दिलेलं.
खोडता खोडता लक्षात आलं,
चोवीसशे म्हणजे बरोब्बर एक हप्ता,
आणि पोटात खड्डा पडला.
उजेडबिजेड काही पडला नाही.
कॉम्प्रेसर तेवढा गुरगुरला.

गुरुवारी दंड बसलाच.

रविवारी शेवटचं गीत संपायच्या आत
मी बाजूच्या दाराशी जाऊन उभी राहिले.
काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.
तबिथाबाई आली,
मला बघून थबकली,
आणि मान खाली घालून
पर्सची चेन उघडायला लागली.